वीर्यरसाचे कार्य आणि शेळीची गर्भधारणा

धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व भागात, लोहारा तालुक्यात, सास्तूर हे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात ज्या गावांची अतोनात हानी झाली, त्यांपैकी हे एक. घरे पडली, माणसे गेली, दावणीची जनावरेही दगावली. अशा आपत्तीनंतर संसाराची घडी पुन्हा बसवावयाची असता गरीब कुटुंबास ज्या जनावराचा आधार सर्वांत आधी मिळू शकतो, ते जनावर म्हणजे शेळी होय. तिला भांडवल थोडे लागते, चारा बांधावरचा व शिवारातला पुरतो, आणि ती पाच महिन्यांत विते. म्हणूनच तिला गरिबाची गाय असे म्हणतात.

या भागातील शेळी जिल्ह्याच्या जुन्या नावावरून उस्मानाबादी या नावाने देशभर ओळखली जाते. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, तरी जातीचे नाव तेच राहिले आहे. तुळजापूरचा परिसर, तसेच १९८२ साली वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्यातील लातूर व उदगीर हा भाग, हे या जातीचे मूळ क्षेत्र होय. रंग बहुधा काळा, बांधा उंच, कोरडवाहू प्रदेशात टिकून राहण्याची ताकद मोठी, आणि विशेष म्हणजे जुळी करडे देण्याचा गुण. हा गुण हेच या शेळीचे खरे धन होय. परंतु जुळी व्हावयाची तर शेळी प्रथम वेळेवर गाभण राहिली पाहिजे, आणि राहिलेला गर्भ टिकला पाहिजे. बोकड दाखविल्यावर तीन आठवड्यांनी शेळी पुन्हा माजावर आली, तर तेवढे दिवस फुकट गेले. चौथ्या महिन्यात ती गाभडली, तर करडेही गेली, दूधही गेले, आणि रोग कळपात शिरल्याची शंका मागे राहिली. दोन शेळ्यांवर वर्षाचा किरकोळ खर्च भागविणाऱ्या घरास हे नुकसान सोसत नाही.

अशा वेळी दोष बहुधा शेळीला दिला जातो. बोकडाकडे फारसे पाहिले जात नाही; आणि पाहिले तरी त्याचे अंग, शिंगे व रंग एवढेच पाहिले जाते. त्याच्या वीर्यातून मादीच्या शरीरात नेमके काय जाते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. गेल्या काही दशकांतील संशोधनाने या बाबतीत बरीच नवी माहिती दिली आहे. ती समजून घेतल्यास गावपातळीवरील पुष्कळ साध्या गोष्टींचे महत्त्व ध्यानात येईल.

वीर्यातील दोन भाग

वीर्यात दोन भाग असतात. एक शुक्रजंतूंचा, हे शुक्रजंतू वृषणांत तयार होतात. दुसरा भाग पातळ रसाचा. त्यास आपण वीर्यरस म्हणू. हा रस नराच्या प्रजननमार्गालगतच्या निरनिराळ्या ग्रंथींतून पाझरतो व वीर्य बाहेर पडताना शुक्रजंतूंत मिसळतो. जनावराच्या जातीप्रमाणे त्याचे प्रमाण फार भिन्न असते. बोकडाचे वीर्य एका वेळी सुमारे एक मिलिलिटर किंवा त्याहूनही थोडे असते, पण ते दाट असते. वळूचे वीर्य साधारणपणे ४ ते ८ मिलिलिटर भरते. डुकराच्या नराचे वीर्य मात्र १५० ते ३०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर असते, आणि त्यातील बहुतेक भाग रसाचाच असतो.

पूर्वी असे मानले जाई की, हा रस म्हणजे शुक्रजंतूंना वाहून नेणारे पाणी आणि वाटेत लागणारी शिदोरी. ही समजूत सर्वस्वी चूक नव्हती. रसात शर्करा असते, क्षार असतात, शुक्रजंतूंना चालना देणारे पदार्थ असतात. परंतु ती अपुरी होती.

रस म्हणजे केवळ वाहन नव्हे

या रसात काही वेगळे द्रव्य आहे, ही शंका १९३० च्या सुमारास प्रथम आली. वीर्य लावले असता गर्भाशयाचा स्नायू आकुंचन पावतो किंवा सैल पडतो, असे आढळून आले. स्वीडनमधील शास्त्रज्ञ फॉन ऑयलर यांनी १९३५ साली या द्रव्यास प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. पुढे मेंढ्यांच्या ग्रंथींपासून ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, आणि त्या कार्याबद्दल १९८२ चे नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन व व्हेन या तिघांस मिळाले. आज पशुवैद्य गाई, म्हशी व शेळ्या एकाच वेळी माजावर आणण्यासाठी जे इंजेक्शन देतात, ते याच कुळातील औषध होय. मेंढ्याच्या रसात शोधलेली गोष्ट अशा रीतीने खेड्यातील दवाखान्यापर्यंत येऊन पोचली आहे.

दुसरा शोध आपल्या शेजारचाच आहे. धाराशिव जिल्हा एके काळी ज्या हैदराबाद राज्यात होता, त्या हैदराबाद शहरातील पेशी व रेणु जीवविज्ञान केंद्रात रेड्डी व पुष्पमित्र भार्गव यांनी १९७९ साली वळूच्या वीर्यरसातील एका प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली. त्यास त्यांनी सेमिनल प्लाझ्मिन असे नाव दिले. हे प्रथिन काही जीवाणूंची वाढ रोखते, असे त्यांनी दाखविले. म्हणजे वळूच्या रसात जंतूंशी झगडणारा पदार्थ निसर्गानेच घातलेला असतो.

तिसरे उदाहरण उंटांचे. मादी उंटाच्या बीजकोशातून बीज आपोआप सुटत नाही. त्यासाठी समागम व्हावा लागतो. १९८५ साली चीनमधील संशोधकांनी दाखविले की, समागमाशिवाय नुसते वीर्य मादीच्या शरीरात गेले, तरीही बीज सुटते. उंटाच्याच कुळातील लामा या जनावराच्या अभ्यासातून २०१२ साली या क्रियेस कारणीभूत असलेले प्रथिन ओळखण्यात आले. मज्जातंतूंच्या वाढीशी संबंधित म्हणून जे प्रथिन पूर्वीच माहीत होते, तेच हे निघाले. नराच्या रसातील एक रेणू मादीच्या रक्तातून थेट मेंदूपर्यंत निरोप पोचवितो, याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

मादीचे शरीर काय उत्तर देते

आता आपण मुख्य विषयाकडे वळू. शरीरातील पेशी एकमेकींशी बोलतात. हे बोलणे शब्दांनी होत नाही, तर प्रथिनांच्या सूक्ष्म कणांनी होते. त्यांना सायटोकाइन असे म्हणतात. त्यांना आपण निरोप्ये म्हटले तरी चालेल. ज्याप्रमाणे गावात चोर शिरल्यास हाकाटी होऊन माणसे धावतात आणि धोका टळल्यावर वडीलधारे त्यांना शांत करून घरी पाठवितात, त्याप्रमाणे काही निरोप्ये पांढऱ्या रक्तपेशींना धावत येण्यास सांगतात, तर काही त्यांना आवर घालतात. असे निरोप्ये वीर्यरसातही असतात, असे आढळून आले आहे.

त्यांपैकी टीजीएफ-बीटा हा सर्वांत अधिक अभ्यासला गेला आहे. तो रसात बहुतांशी निद्रिस्त अवस्थेत असतो व मादीच्या मार्गात पोचल्यावर जागा होतो. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठात सारा रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून त्याचे कार्य दाखविले. या निरोप्याचा स्पर्श होताच मादीच्या अस्तरातील पेशी स्वतःचे निरोप धाडू लागतात. काही तासांत रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात. समागमाबरोबर आत गेलेले जंतू, मेलेले शुक्रजंतू आणि इतर केरकचरा त्या खाऊन टाकतात. हा एक प्रकारचा दाहच असतो. पण तो अल्पकाळचा व उपयोगी दाह होय. निरोगी मादीत तो एक-दोन दिवसांत शमतो. शेळीचा किंवा गाईचा भ्रूण बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरण्यास चार-पाच दिवस लागतात. पाहुणा येण्यापूर्वी घर झाडून, सारवून ठेवावे, तसाच हा प्रकार आहे.

याहून सूक्ष्म असे एक कार्य आहे. १९५३ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी एक प्रश्न उपस्थित केला होता. शरीर परक्या वस्तूस सहसा थारा देत नाही. परक्याची कातडी बसविली तर ती गळून पडते. गर्भ हा अर्धा आईचा व अर्धा बापाचा, म्हणजे निम्मा परकाच असतो. मग आईचे शरीर त्यास महिनोन् महिने कसे सांभाळते? या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत, आणि त्यांतील एक वीर्यरसाकडे जाते. उंदरांत असे दिसले आहे की, रसातील निरोपामुळे मादीच्या शरीरात संयम राखणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या वाढते. या पेशी बापाकडून आलेल्या अंशाची ओळख आधीच करून घेतात व पुढे गर्भावर हल्ला होऊ देत नाहीत. थोडक्यात, गर्भ येण्यापूर्वीच त्याची ओळखचिठ्ठी येऊन पोचलेली असते.

सर्व जनावरांत प्रकार एकसारखा नाही

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. उंदरात जे घडते, ते जसेच्या तसे शेळीत वा गाईत घडेल असे धरून चालू नये. वीर्य कोठे पडते, यावर पुष्कळ अवलंबून असते. डुकरीण व घोडी यांच्यात ते थेट गर्भाशयात जाते. त्यामुळे रसाचा संबंध गर्भाशयाच्या अस्तराशी सरळ येतो. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्यात ते योनिमार्गाच्या आतल्या टोकाशी, गर्भाशयाच्या मुखाजवळ पडते. तेथून शुक्रजंतू पोहत पुढे जातात, पण रसाचा फारच थोडा अंश गर्भाशयात पोचतो.

डुकरांच्या बाबतीत रसाचा परिणाम ठळक आढळला आहे. ॲडलेड येथील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रेतनापूर्वी डुकरिणीच्या गर्भाशयात वीर्यरस सोडला असता तेथे पांढऱ्या पेशी जमल्या, आणि भ्रूणांच्या वाढीवर अनुकूल परिणाम दिसला. स्पेनमधील मुर्सिया विद्यापीठात डुकरांच्या वीर्यरसातील निरोप्यांचे मोजमाप करण्यात आले, तेव्हा त्यांचे प्रमाण नरानरांत भिन्न असल्याचे दिसून आले. घोडीमध्ये हा रस जिवंत शुक्रजंतूंना पांढऱ्या पेशींच्या तडाख्यातून वाचवितो व सुरू झालेला दाह आटोक्यात ठेवण्यास मदत करतो.

गाईमध्ये मात्र चित्र वेगळे आहे. रेतनाच्या वेळी अधिक वीर्यरस सोडून पाहण्याचे प्रयोग झाले. परंतु गाभण राहण्याच्या प्रमाणात भरवशाची वाढ झाली नाही. मेंढीत समागमानंतर गर्भाशयाच्या मुखाशी व आत पांढऱ्या पेशी येतात, हे पाहण्यात आले आहे. शेळीचा प्रजननमार्ग मेंढीसारखाच असल्याने तिच्याबाबत विचार करताना मेंढीचे उदाहरण जवळचे मानावे.

कांडीतील रेत पुरे पडते काय?

ग्रामसेवकास व पशुधन पर्यवेक्षकास शेतकरी पुष्कळदा विचारतात, “साहेब, वळूचं सारं सत्त्व त्या एवढ्याशा कांडीत येतं का?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सरळ द्यावयास हवे.

गाई-म्हशींसाठी वापरल्या जाणाऱ्या गोठित रेताच्या कांडीत पाव मिलिलिटर द्रव असतो व त्यात सुमारे २ कोटी शुक्रजंतू असतात. वळूचे वीर्य अनेक पट पातळ करून या कांड्या भरल्या जातात. त्यामुळे एका कांडीत मूळ वीर्याचा अंश थेंबाच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणजे कांडीत शुक्रजंतू पुरेसे येतात, पण रस जवळजवळ येत नाही, हे खरे आहे. तरीही जगभर कोट्यवधी गाई याच रीतीने गाभण राहतात. कारण उघड आहे. नैसर्गिक समागमातही गाईच्या गर्भाशयात रस थोडाच पोचतो. आणि कृत्रिम रेतनात तर शुक्रजंतू थेट गर्भाशयाच्या तोंडापलीकडे सोडले जातात. म्हणून गाय उलटल्यास “कांडीत दम नाही” असे म्हणून मोकळे होऊ नये. माज वेळेवर ओळखला होता काय, कांडी ३७ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात नीट वितळविली होती काय, रेतनापूर्वी गाईचे मागील अंग स्वच्छ केले होते काय, तिचा सोट काचेसारखा स्वच्छ होता की गढूळ, या गोष्टी आधी पाहाव्यात. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी, व संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा नियम आजही उत्तम होय.

याशिवाय कांडीचा एक मोठा फायदा आहे. मान्यताप्राप्त केंद्रातील वळूंची रोगांसाठी नियमित तपासणी होते. गावभर मोकळ्या फिरणाऱ्या वळूची अशी तपासणी कोणी केलेली नसते.

बोकडाच्या रसाचा एक विशेष

शेळ्यांत कृत्रिम रेतनाचा प्रसार गाईंइतका झाला नाही, याच्या अनेक कारणांपैकी एक खुद्द बोकडाच्या रसातच दडलेले आहे. वीर्य गोठविताना शुक्रजंतूंचे थंडीपासून रक्षण व्हावे म्हणून त्यात अंड्याचा बलक मिसळण्याची पद्धत आहे. वळूच्या वीर्यास बलक मानवतो. परंतु बोकडाच्या एका ग्रंथीतून असा पाचक पदार्थ रसात येतो की, तो बलकाचे विघटन करून मिश्रण गोठवितो, आणि त्यातून निर्माण होणारी द्रव्ये शुक्रजंतूंनाच मारक ठरतात. ही गोष्ट रॉय या संशोधकाने १९५७ साली निदर्शनास आणली. दुधाचा वापर केल्यासही अशीच अडचण येते. म्हणून बोकडाचे वीर्य यंत्रात फिरवून त्यातील रस काढून टाकावा लागतो, किंवा बलकाचे प्रमाण अगदी थोडे ठेवावे लागते. एका ठिकाणी उपकारक असलेला पदार्थ दुसऱ्या ठिकाणी अपायकारक ठरतो, हे निसर्गाचे कोडे येथे चांगले दिसून येते.

आपल्या राज्यात उरुळी कांचन येथील बायफ व फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्था यांनी शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे काम केले आहे. जेथे ही सोय उपलब्ध असेल, तेथे तिचा लाभ घ्यावा. परंतु सास्तूरसारख्या गावी बहुतेक शेळ्या आजही बोकडाकडूनच फळतात. तेव्हा बोकडाची निवड व त्याचे आरोग्य हाच गावाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होय.

निरोप बिघडतो तेव्हा

निरोगी बोकडाचा रस मादीस योग्य निरोप देतो. परंतु बोकडाच्या वृषणास वा ग्रंथींस रोग जडला, तर त्याच रसात पू मिसळतो, पांढऱ्या पेशींची गर्दी होते, आणि दाह भडकविणारे निरोप्ये वाढतात. असा रस शुक्रजंतूंना दुबळे करतो. शिवाय त्याबरोबर रोगाचे जंतूही मादीत जाण्याचा धोका असतो. मग जो दाह एक-दोन दिवसांत शमावयाचा, तो लांबतो. गर्भाशय साफ होण्याऐवजी सुजलेले राहते, आणि चार-पाच दिवसांनी उतरणाऱ्या भ्रूणास तेथे आसरा मिळत नाही. शेतकऱ्यास दिसते ते एवढेच की, शेळी पुन्हा उलटली.

या रोगांत सर्वांत घातक म्हणजे ब्रुसेलोसिस, अर्थात सांसर्गिक गर्भपात. हा रोग माणसासही होतो. डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर १८८७ साली त्याचे जंतू शोधले, आणि १९०५ साली झॅमिट यांनी दाखविले की, तेथील शेळ्यांच्या कच्च्या दुधातून तो माणसांत येतो. या रोगाने शेळी बहुधा गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत गाभडते. बोकडाचे वृषण सुजते. पण कित्येकदा वरून काहीच दिसत नाही, आणि तरी त्याच्या वीर्यात जंतू असू शकतात. सर्वांत अधिक प्रसार होतो तो गाभडलेल्या शेळीची वार, गर्भ व स्राव यांच्यामुळे. माणसास चढउताराचा ताप, सांधेदुखी व दीर्घकाळ थकवा येतो. शेळीचे बाळंतपण बहुधा घरातील स्त्रियांच्या हातून होते, म्हणून हा धोका त्यांना सर्वांत जास्त. ग्रामसेवकाने व पशुसखीने ही गोष्ट घरोघरी समजावून सांगणे, हे त्यांचे मोठेच कार्य होईल.

गावात काय करावे

वरील माहितीचा सारांश असा की, नराकडून येणारा निरोप शुद्ध असावा आणि मादीच्या शरीरास आपले सफाईचे काम निर्वेध करता यावे. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. बोकड निवडताना तो जुळ्यातील असावा, त्याच्या आईचे दूध चांगले असावे, आणि त्याची दोन्ही वृषणे सारखी, टणक व सुजेविरहित असावीत. एक वृषण पोटात राहिलेला बोकड पैदाशीस ठेवू नये. महामंडळाची शेळी-मेंढी पैदास प्रक्षेत्रे तुळजापूर तालुक्यात तीर्थ येथे व बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे आहेत. जातिवंत बोकडासाठी तेथे चौकशी करावी.

२. विकत आणलेला बोकड लगेच कळपात सोडू नये. त्याचे रक्त पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत ब्रुसेलोसिससाठी तपासून घ्यावे व तोपर्यंत त्यास वेगळे बांधावे. पैदाशीच्या बोकडाची अशी तपासणी दरवर्षी करणे हितावह होय.

३. सुमारे २५ शेळ्यांस एक पूर्ण वाढलेला बोकड पुरे. दीड वर्षाच्या आतील बोकडावर जास्त भार टाकू नये. दर दोन वर्षांनी बोकड बदलावा, म्हणजे बापलेकींचा संबंध टळेल.

४. उन्हाळ्यात बोकडास सावली व भरपूर पाणी द्यावे. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे सात आठवडे लागतात. त्यामुळे वैशाखातील उन्हाचा फटका पाऊस सुरू झाल्यावर दिसून येतो.

५. बोकडाच्या मूत्रद्वाराभोवतीचे लांब केस कापून तेथील चिखल व लेंड्यांची घाण धुऊन काढावी. शेळीचे मागील अंगही स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे. आत जाणारी घाण जितकी कमी, तितके पांढऱ्या पेशींचे काम हलके.

६. शेळीचा माज साधारणपणे एक ते दीड दिवस टिकतो व गाभण न राहिल्यास सुमारे २१ दिवसांनी परत येतो. शेपटी हलविणे, सतत ओरडणे, वारंवार लघवी करणे ही त्याची चिन्हे होत. माज दिसल्यापासून सुमारे १२ तासांनी एकदा व पुन्हा तितक्याच अंतराने दुसऱ्यांदा बोकड दाखवावा.

७. जी शेळी गाभडली आहे किंवा जिच्या अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जात आहे, तिला गावच्या बोकडाकडे नेऊ नये. एकीपासून बोकडास, आणि बोकडापासून सर्व कळपास रोग लागण्याचा हा मार्ग होय.

८. गाभडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी उचलू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये. हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, जागा जंतुनाशकाने धुवावी व दवाखान्यास कळवावे. शेळीचे दूध नेहमी उकळूनच प्यावे.

९. कोणत्या दिवशी कोणता बोकड दाखविला, शेळी केव्हा उलटली, केव्हा व्याली व किती करडे झाली, याची नोंद वहीत ठेवावी. एकच शेळी वारंवार उलटत असेल, तर दोष बहुधा तिच्यात असतो. परंतु एकाच बोकडाकडे गेलेल्या पुष्कळ शेळ्या उलटत असतील, तर बोकडाकडे पाहावे. ही वही नसेल, तर हा भेद कोणासही सांगता येणार नाही.

काय करू नये

माजाच्या आरंभी शेळीचा सोट पातळ व स्वच्छ असतो. माज संपत येताना तो घट्ट व पांढरट होतो. हा पांढरटपणा पाहून घाबरून जाऊ नये. तो बहुधा शरीराच्या नेहमीच्या क्रियेचाच भाग असतो. अशा वेळी कोणाच्या तरी सांगण्यावरून गर्भाशयात औषध सोडणे, तेल अथवा अन्य पदार्थ घालणे, हे सर्वस्वी अयोग्य होय. उपयोगी दाह त्यामुळे विनाकारण बिघडतो. मात्र स्रावास दुर्गंधी असेल, त्यात पू वा रक्त असेल, शेळीस ताप असेल किंवा ती चारा सोडत असेल, तर विलंब न करता पशुवैद्यास दाखवावे.

माजावर आणण्याचे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये. शेळी गाभण असल्यास त्याने ती हमखास गाभडू शकते. हे औषध गरोदर स्त्रियांनी व दम्याच्या रोग्यांनी हाताळू नये. तसेच वीर्यरसातील निरोप्यांचे हे ज्ञान ऐकून कोणी “गर्भ टिकविण्याचे” रसाचे औषध विकावयास आल्यास त्याच्या बोलण्यास भुलू नये. शेळी किंवा गाय यांसाठी असे कोणतेही सिद्ध औषध नाही.

शास्त्रज्ञांनी एका थेंबात जे पाहिले, त्याचा अर्थ शेतकऱ्याच्या दृष्टीने साधा आहे. गर्भधारणा ही एकट्या मादीची जबाबदारी नसून नर व मादी या दोन शरीरांमधील व्यवहार आहे, आणि त्या व्यवहाराचा आरंभ स्वच्छ व निरोगी व्हावा लागतो. सास्तूरच्या किंवा त्यासारख्या कोणत्याही गावात, बोकडाची निवड करताना त्याच्या शिंगांपेक्षा त्याच्या आरोग्याची चौकशी अधिक होऊ लागली, आणि प्रत्येक शेळीमागे वहीत एक ओळ लिहिली जाऊ लागली, तर या ज्ञानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. हे काम ग्रामसेवक, पशुसखी व पशुपालक यांनी मिळून करावयाचे आहे, आणि त्याचा आरंभ येत्या माजापासूनच करावा.